दांडा कुठं अडतो

नांदेड-लातूरकडे ज्यांचं पोरपण 1990 च्या दशकात गेलं, त्यांच्यापुढं 'मुस्तफा' एवढं म्हटलं तरी पुरतं. कॅपकॉम या जपानी कंपनीनं 1993 मध्ये काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पण धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा पोरांना इतका आवडला की अख्ख्या खेळाला त्याचंच नाव पडलं. रुपयाचं नाणं टाकायचं, दांडा धरायचा आणि मागं उभ्या असलेल्या पाच-सहा जणांचे सल्ले ऐकत खेळायचं. त्या खेळात दांड्याची परीक्षा फारशी होत नसे. पुढं जा, मागं ये, दोनदा पुढं दाबून पळ, एवढ्यावर भागायचं. तिरपी दिशा थोडी हुकली तरी मुस्तफा जरा वाकडा चालायचा, इतकंच.

'किंग ऑफ फायटर्स 97' आला आणि चित्र बदललं. एसएनके कंपनीच्या 1997 सालच्या या खेळात समोरासमोर मारामारी होती आणि प्रत्येक मोठा वार दांडा ठरावीक वळणानं फिरवूनच निघायचा. इओरी यागामीची जांभळी आग सोडायची तर दांडा खाली, मग खाली-पुढं तिरपा, मग पुढं, आणि लगेच ठोशाचं बटण. मधला तिरपा गळला की आग नाही, नुसताच ठोसा. 'तिरपा लागेना गेलाय, ह्याचा दांडाच खराब हाय' ही तक्रार त्या काळी ऐकली नाही असा गेमचा दुकानदार विरळाच. तक्रारीत तथ्य असायचंही. मात्र खराब नेमकं काय असतं, हे पाहायला दांडा उघडावा लागतो.

वर मूठ किंवा गोळा, त्याखाली लोखंडी सळई. सळई एका सांध्यात बसवलेली, म्हणजे वरचं टोक उजवीकडे गेलं की खालचं डावीकडे जातं. हात सोडला की दांडा मध्यावर आणायला एक स्प्रिंग. सळईच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकची जाडसर नळी आणि तिच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच. नळी ज्याला टेकते तो खटका वाजतो. आणि या सगळ्याच्या तळाशी, चार स्क्रूंनी किंवा नुसत्या खाचांनी बसवलेली, मध्ये भोक असलेली एक पट्टी. सळईचं टोक त्या भोकातून बाहेर आलेलं असतं आणि भोकाच्या कडेला जाऊन अडतं. या पट्टीला म्हणतात गेट. भोक चौकोनी, आठकोनी किंवा गोल असू शकतं आणि दांडे बनवणारे-विकत घेणारे ज्यावरून तासन्‌तास वाद घालतात ते हेच भोक.

वादात शिरण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. खेळाला गेट दिसत नाही. जुन्या पेट्यांच्या आत सर्किट बोर्डाला जोडलेली 56 पिनांची एक पट्टी असते. जामा नावाच्या या जोडणीचं प्रमाण जपानी उत्पादकांच्या संघटनेनं 1985 मध्ये ठरवलं आणि मग कुठल्याही पेटीत कुठलाही बोर्ड घालता येऊ लागला. त्या पट्टीवर एका खेळाडूच्या दांड्यासाठी फक्त चार तारा असतात: वर, खाली, डावा, उजवा. तिरप्यासाठी वेगळी तार नाही. खालचा आणि उजवा खटका एकाच वेळी दबलेला असला की बोर्ड समजतो, तिरपा आहे. म्हणजे बोर्डाला एकूण नऊच अवस्था कळतात, आठ दिशा आणि मध्य. सळई कशावर जाऊन आपटली, चौकोनाच्या कोपऱ्यावर की गोलाच्या कडेवर, याचा त्याला पत्ता नसतो. खटका कधी दबायचा ते स्विच आणि नळीची जाडी ठरवते. गेट सांगतं ते हाताला: बास, याच्या पुढं जागा नाही.

मग भोकाच्या आकारानं फरक पडतो तो कशात? सळई खटका दाबल्यानंतर आणखी किती सरकते आणि एका दिशेतून दुसरीत जायला किती अंतर कापते, यात. इथं थोडं गणित केलेलं बरं, कारण या विषयावरच्या बहुतेक गप्पा अंदाजपंचे चालतात. सोयीचे आकडे घेऊ. समजा मध्यापासून सरळ दिशेला कडेपर्यंत सळई 10 मिलिमीटर जाते आणि 5 मिलिमीटरवर खटका दबतो.

चौकोनी गेट घ्या. खालच्या भिंतीच्या मध्यापासून भिंतीला घासत उजव्या भिंतीच्या मध्यापर्यंत गेलात, म्हणजे पाव फेरी मारलीत. वाट एकूण 20 मिलिमीटर. त्यातले पहिले 5 'खाली', मधले 10 'तिरपा', शेवटचे 5 'पुढं'. निम्मी वाट तिरप्याची. आता गोल गेट. तीच पाव फेरी 15.7 मिलिमीटरची होते आणि तिचे तीन सारखे तुकडे पडतात, प्रत्येकी सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. आठकोनीत, कोपरे मध्यापासून सारख्याच अंतरावर धरले तर, वाट साधारण 15.3 मिलिमीटर आणि तिरप्याचा वाटा जेमतेम साडेचार. म्हणजे तिन्हींत तिरप्याला सर्वांत मोठी जागा चौकोनी गेट देतं आणि सर्वांत कमी आठकोनी. दुकानात दांडा हातात घेतल्यावर मात्र नेमकं उलटं वाटतं. आठकोनीत तिरप्या दिशेला खाच आहे, सळई त्या खाचेत टक्कन बसते, म्हणून नवख्याला वाटतं की तिरपा इथंच सोपा. खाच सापडते हे खरं, पण फेरी मारता मारता ती चुकली तर सावरायला जागा कमी.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू. तिरप्या दिशेनं सरळ गेलं तर दोन्ही खटके मध्यापासून 7.07 मिलिमीटरवर एकदम दबतात. चौकोनी गेटचा कोपरा आहे 14.14 वर. म्हणजे खटके दबल्यावरही सळई तेवढंच अंतर पुन्हा पुढं जाते. कोपऱ्यात ठासून धरलेला दांडा मध्यावर यायला लागला की सातेक मिलिमीटर मागं येईपर्यंत खेळाला काहीच कळत नाही. गोल किंवा आठकोनी गेटमध्ये हे फुकटचं अंतर तीनेक मिलिमीटर. मारामारीचे खेळ सेकंदाला 60 चित्रांच्या वेगानं चालतात, एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. हात सोडल्यावर चार मिलिमीटर जास्तीची वाट कुणाला जाणवणार नाही, कुणाचा डाव त्यातच जाईल. ते खेळावर अवलंबून.

म्हणून गेट निवडताना पहिला प्रश्न गेटबद्दल विचारूच नये. कोणता खेळ, आणि त्यात कोण, हे आधी विचारावं.

'स्ट्रीट फायटर' मधला गाइल पाहा. त्याचे वार साठवणीचे. मागं दाबून धरायचं, थांबायचं, मग एकदम पुढं आणि ठोसा. खाली धरून एकदम वर केलं तर वळसा घेत लाथ. त्यामुळं गाइल खेळणारा डावाचा मोठा भाग दांडा खाली-मागं तिरपा धरून बसलेला असतो. तिथं बसून वार अडवताही येतात आणि दोन्ही साठवणी एकाच वेळी चालू राहतात. अशा माणसाला चौकोनी गेटचा कोपरा म्हणजे हक्काची बैठक. डोळे मिटून दांडा कोपऱ्यात ढकलला की तिरपा आहेच, घसरण्याची भीती नाही. गोल गेटमध्ये तोच खेळाडू हळूहळू 'मागं' किंवा 'खाली' कडे सरकतो आणि साठवलेलं सगळं वाया जातं.

याच्या उलट्या टोकाला झांगिएफ. त्याला दांडा गरागरा फिरवायचा असतो. पूर्ण गोल म्हणतात, पण नंतरच्या बऱ्याच आवृत्त्यांत पाऊण फेरी पुरते. भिंतीला घासत फिरवणाऱ्याला चौकोनाचे चार कोपरे वाटेत अडथळे वाटतात. प्रत्येक कोपऱ्यात सळई क्षणभर रुतते. गोलात ती वाहत जाते.

आणि आपला इओरी? त्याचा सर्वांत मोठा वार निघतो पाव फेरी पुढं आणि लगेच अर्धी फेरी मागं अशा जोडवळणानं. वरच्या आकड्यांनी मोजलं तर चौकोनाच्या भिंतीला धरून ही वाट 60 मिलिमीटरची, गोलात 47 ची. शिवाय 'किंग ऑफ फायटर्स' मध्ये छोटी उडी असते, 1996 च्या भागापासून आलेली: वरचा तिरपा नुसता टिचकी मारल्यासारखा द्यायचा आणि दांडा ताबडतोब मध्यावर. तिरपा जरा जास्त वेळ राहिला की छोटी उडी मोठी होते आणि समोरचा खालून उचलतो. हे दोन्ही पाहिलं तर 97 वाल्यांनी गोल गेट घ्यावं असं म्हणावंसं वाटतं.

पण थांबा. हे सगळं गणित भिंतीला घासत खेळणाऱ्याचं आहे. जपानी गेमच्या दुकानांत वर्षानुवर्षं चौकोनी गेटचेच दांडे बसवलेले असतात. सानवा डेन्शी कंपनीचा जेएलएफ हा जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा दांडा; तो चौकोनी गेट घेऊनच येतो, आठकोनी पट्टी वेगळी विकत घ्यावी लागते. सेइमित्सूचा एलएस-32 ही चौकोनीच. त्याच दांड्यांवर तिथले लोक गोल गोल वार बिनदिक्कत काढतात, कारण चांगला खेळाडू भिंतीपर्यंत जातच नाही. गोळा बोटांत हलका धरायचा, खटका वाजेल इतकंच सरकायचं आणि वळायचं. सळई चौकोनाच्या आतल्या आत छोटं वर्तुळ काढते. अशा हाताला गेट लागतं ते फक्त कोपऱ्यात बसायचं असेल तेव्हा, आणि त्या कामाला चौकोन उत्तम. चौकोनी गेटवर तुटून पडणाऱ्या पुष्कळांची खरी अडचण मुठीची असते. मूठ आवळून, खांद्यातून जोर लावून दांडा ढकलला की सळई दर वेळी भिंतीवर आपटणार आणि कोपऱ्यात जाणार.

आपल्याकडं हात घडला तो असा आवळूनच. मागं गर्दी, पेटी प्लायवूडची, उभं राहून खेळायचं आणि रुपया वाया जायची धाकधूक. शिवाय झिजलेल्या दांड्याचा विचार करा. वर्षभर दिवसाला बारा तास घासलं गेलं की प्लॅस्टिकच्या गेटचे कोपरे बोथट होतात, स्प्रिंग ढिली पडते आणि नळी बारीक होते. नळी बारीक झाली की खटका उशिरा दबतो, म्हणजे वरच्या हिशेबात 5 चा आकडा 6 किंवा 7 होतो. गोल गेटमध्ये 7 ला खटका दबत असेल तर तिरप्याला जागाच उरत नाही, सळई अगदी बरोबर तिरप्या रेषेवर कडेला टेकली तरच तो नावापुरता लागतो. 'तिरपा लागेना' म्हणजे बहुतेक वेळा हेच. त्यावर नवीन गेट टाकून काही उपयोग नाही, नळी बदलावी लागते. आणि नळी काही रुपयांची वस्तू आहे.

कोरियाची गोष्ट वेगळी आणि तितकीच शिकण्यासारखी. तिथल्या दांड्यात स्प्रिंगच्या जागी रबराची जाड चकती असते. सळई त्या रबरात घट्ट बसलेली, गेट गोल. कुठंही ढकला, रबर सगळीकडून सारखं ओढतं आणि सोडलं की दांडा झटकन मध्यावर येऊन थांबतो. 'टेकन' साठी हा दांडा वरदान आहे. 'टेकन' मध्ये मध्य हीसुद्धा एक आज्ञा आहे. मिशिमा घराण्यातल्या पात्रांची सरकती चाल पुढं, मध्य, खाली, खाली-पुढं अशी काढायची असते. मधला 'मध्य' खेळाला दिसलाच पाहिजे. मागं सरकण्याची जी चाल जगभर 'कोरियन बॅकडॅश' म्हणून ओळखली जाते, तिच्यातही मागं आणि खाली-मागं यांच्यात दांडा सारखा ये-जा करतो. चौकोनी कोपऱ्यात खोल गेलेल्या सळईला तिथून बाहेर यायला वेळ लागतो. आमच्याच आकड्यांत: खाली-मागंच्या कोपऱ्यातून नुसतं 'मागं' वर यायला चौकोनात 5 मिलिमीटर, गोलात दोनच.

गोल गेटचा तोटा मात्र कोरियन लोकही लपवत नाहीत. त्याला खुणा नाहीत. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एका गोलाला येऊन मिळतात. नवखा माणूस त्या गोलाला फेरी मारायला लागला की कपड्यांची ओळ कुठं संपली आणि सराफा कुठं आला हे त्याला पाट्या वाचूनच कळतं, वळणावरून नाही. लातूरकर मात्र पाटी न बघता बरोबर आपल्या गल्लीत शिरतो. गोल गेट असा रहिवासी हात मागतं. महिना-दोन महिने सराव झाला की खुणांची गरज पडत नाही. त्याआधी हात भिरभिरतो.

चौथ्या आकाराबद्दल थोडक्यात. 'पॅक-मॅन' सारख्या 1980 च्या आसपासच्या खेळांना चारच दिशा कळतात. तिथं तिरपा लागला की पॅक-मॅन वळणावर अडखळतो. त्यांच्यासाठी चौकोन 45 अंशांत फिरवून शंकरपाळीसारखं भोक करतात, म्हणजे सळईला तिरप्या कोपऱ्यापर्यंत जाताच येत नाही. मारामारीच्या खेळांत हे गेट बसवलं तर वार निघणंच बंद. जुन्या वस्तूंच्या बाजारात दांडा घेताना एवढं तपासून घ्यावं.

हल्ली नांदेड-लातूरमध्ये पेटीवर रुपया टाकून खेळायची जागा शोधावी लागते. पण दांडा घरी करायची हौस वाढली आहे, विशेषतः लातुरात क्लासच्या निमित्तानं खोली करून राहणाऱ्या पोरांत आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांत. ऑनलाइन 'झिरो डिले' नावानं मिळणाऱ्या चिनी संचात दांडा, बटणं, तारा आणि यूएसबीचं छोटं सर्किट येतं. त्याहून हौशी लोक रास्पबेरी पाय कंपनीचं 2021 मध्ये आलेलं पिको बोर्ड घेतात आणि त्यावर जीपी2040-सीई नावाची मोफत प्रणाली चढवतात. पेटी सुताराकडून करून घेतात. आणि इथं एक गंमत घडते.

सुतार पॅनलला दांड्यासाठी भोक पाडतो. बटणांची भोकं 30 मिलिमीटरची, दांड्याचं साधारण 24 चं. ड्रिलचा तेवढा बिट नसला तर सुतार जवळचा लहान बिट लावतो आणि म्हणतो, दांडा तर आत गेला की! दांडा जातो, पण हलवला की सळई खालच्या गेटला टेकण्याआधी वरच्या लाकडाच्या भोकाला टेकते. भोक गोल असतं. म्हणजे तुम्ही पैसे खर्चून चौकोनी किंवा आठकोनी काहीही गेट आणलं असलं तरी प्रत्यक्षात खेळताय गोल गेटवर, तेही लाकडाच्या. खटके पूर्ण दबत नाहीत, सळईच्या रंगावर वळ उठतात. जुन्या गावठी पेट्यांतही असं झालेलं असणं अगदी शक्य आहे. तपासायचं कसं, तर धूळ अडवणारी काळी चकती वर उचलून दांडा चारी कोपऱ्यांत न्यायचा आणि सळई व लाकूड यांच्यात फट दिसते का पाहायचं. फट नसेल तर कानस घ्यायची.

गेट बदलण्याआधी आणखी एक तपासणी. 'स्ट्रीट फायटर 6' किंवा 'टेकन 8' मध्ये सरावाच्या भागात तुम्ही दिलेल्या दिशा पडद्यावर बाणांनी उमटतात. आग सोडायचं वळण वीसेक वेळा द्यायचं आणि बाण वाचायचे. खालचा तिरपा बाण मधून मधून गायब असेल तर अडचण तिरप्याच्या जागेची. चौकोनी गेट किंवा किंचित जाड नळी कामाला येईल. तिरपा बाण आहे, पण त्यानंतर नको असलेला 'वर-पुढं' सुद्धा उमटतो, तर हात लांब जातोय. आठकोनी किंवा गोल गेट त्याला वेसण घालेल. सगळे बाण बरोबर आहेत आणि तरी वार निघत नाही, तर बटण उशिरा दाबलं जातंय. तिथं दांड्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, सप्टेंबर 2023 मध्ये, 'स्ट्रीट फायटर 5' चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूनं घेतलं तेव्हा तो 44 वर्षांचा होता. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वासही त्या खेळात उतरले होते. चाळिशी उलटलेल्या ज्या मराठवाडी वाचकाला आपले दिवस संपले असं वाटतं, त्यानं हा आकडा ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दांडाच नसलेले डबेही आता जोरात आहेत. चार दिशांना चार बटणं, गेट नाही, सळई नाही, कोपरा नाही. तिथं नवाच पेच उभा राहिला. दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊच शकत नाही, बटणं मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. तेव्हा खेळानं काय समजायचं, मध्य की शेवटचं दाबलेलं, यासाठी स्पर्धांना नियम लिहावे लागले. दांड्याच्या बाबतीत तो नियम लोखंडाची एक सळई फुकटात पाळत होती.

तरीही कुणी नव्यानं दांडाच घ्यायचा ठरवला आणि काहीच अनुभव नसेल तर मी चौकोनी गेटचाच सुचवीन. ते गेट सोबत येतंच, वेगळे पैसे पडत नाहीत आणि हलका हात शिकवतं. दोन महिन्यांनी हात खरोखर कोपऱ्यांत अडत असेल तर आठकोनी पट्टी मागवावी. कोरियन दांडा 'टेकन' वाल्यांनी घ्यावा, आणि तो पॅनलच्या खाली जास्त जागा घेतो का हे पेटी करायला देण्याआधी मोजून घ्यावं, नाहीतर सुताराकडं दुसरी खेप ठरलेली.